भंडारा

जेजुरी, सकाळी सहा. पायथ्याच्या दुकानात आत्याने भंडारा चिमटीत घेतला, वास घेतला, तळहातावर चोळला आणि परत पुडीत टाकला. "ही हळद नव्हे." तिसऱ्या दुकानात तिचे समाधान झाले. रंग मिसळलेल्या पुडीने डोळे चुरचुरतात, अंगाला खाज सुटते. देवावर उधळायची, लेकरांच्या कपाळी लावायची वस्तू; त्यात भेसळ करवते तरी कशी?

*

पायऱ्यांवर नवी जोडपी. हळदीच्या अंगाचा नवरा बायकोला उचलून पाच पायऱ्या चढतो. मागे सगळा गोतावळा ओरडतो, "येळकोट येळकोट, जय मल्हार!" कानडीतल्या ‘एळु कोटी’, म्हणजे सात कोटी, यावरून हा शब्द आला असे सांगतात. जेजुरीचा हा खंडोबा कर्नाटकात मैलार आहे, तेलंगणात मल्लन्ना. भाषेची शीव या देवाला कधी आडवी आलीच नाही.

*

बाणाईचे देऊळ अर्ध्या वाटेवर, म्हाळसा वर देवाजवळ. दोघी खंडोबाच्या बायका; म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. दोघींचे पटेना म्हणून देवाने डोंगर वाटून दिला, वरचा अर्धा एकीला, खालचा दुसरीला. आत्या बाणाईपाशी जास्त वेळ बसते. मलाही तिथेच बसावेसे वाटते.

*

गडकोटात देवळासमोर पितळी पत्र्याने मढवलेले मोठे कासव. त्यावर खोबऱ्याचे तुकडे, भंडारा, पुन्हा खोबरे. दगडी फरशीच्या सांध्यांतही हळद दबून बसली आहे. पाऊस पडला की ती ओघळते.

दसऱ्याला इथे सुमारे ४२ किलोचा खंडा, म्हणजे देवाची तलवार, उचलून धरायची चुरस लागते. सोमवती अमावस्येला पालखी कऱ्हा नदीवर स्नानाला जाते.

*

बहुतेक जण गडावरूनच माघारी फिरतात. त्याच्याही वरचे कडेपठार हे देवाचे जुने ठाणे, चढ खडा, गर्दी तुरळक. आत्या सत्तरीची, काठी टेकत, थांबत थांबत वर आली. वाटेत एकदाही "पुरे" म्हणाली नाही.

वर ताम्हनात विड्याची पाने, सुपारी, खोबरे, भंडारा मांडून तळी भरली. ती उचलायला माणसे विषम लागतात आणि आम्ही दोघेच. मेंढरांमागचे दोन धनगर आपणहून पुढे आले, मग खंडोबाला वाहिलेला एक वाघ्या. पाच झालो. ताम्हनाला पाची हात लागले. "सदानंदाचा येळकोट!" आत्याचा आवाज सगळ्यांत वर.