टेम्पोचे झटके

आमचा टेम्पो जुना, पेट्रोलवरचा. अ‍ॅक्सिलरेटरला अजून तार आहे. अब्बांनी घेतलेला. मिरजेहून सांगलीच्या मार्केट यार्डात बेदाण्याच्या पेट्या पोहोचवायच्या, एवढेच त्याचे काम. पण धाकट्या भावाचे घर त्यावरच चालते.

मागच्या हिवाळ्यात तो झटके देऊ लागला. उभ्या गाडीची रेस आपोआप चढे-उतरे. चढावर पाय दाबला की क्षणभर काहीच नाही, मग एकदम हिसका. प्लग बदलले, फिल्टर बदलला. एका गॅरेजवाल्याने अख्खी थ्रॉटल बॉडी बदलायला सांगितली. आम्ही मात्र चालवणाऱ्या पोरावर घसरलो. याला क्लच सोडता येत नाही! पेट्या कलंडल्या तेव्हा त्याची दोन दिवसांची मजुरीही कापली.

एका संध्याकाळी तो खाली बघत म्हणाला, "सर, पाय एका ठरावीक जागी आला की झटका बसतो. थोडा पुढे नेला की गाडी बरी चालते."

ठरावीक जागी? वर्गात आम्ही र्‍होस्टॅट शिकवतो. थ्रॉटलच्या दांड्याला जोडलेला सेन्सर तसलाच: आत पट्टी, तिच्यावर घासत फिरणारा काटा. झडप किती उघडली ते तो व्होल्टमध्ये कंप्युटरला कळवतो, त्यावरून पेट्रोल ठरते. पट्टी रोजच्या वापराने एका जागी झिजली तर?

मुख्याध्यापकांना विचारून प्रयोगशाळेतला काट्याचा मीटर आणला. अशी क्षणिक पडझड आकड्यांच्या मीटरवर हुकते. इंजिन बंद, चावी चालू. एका वायरवर पाच व्होल्ट येत होते, अर्थिंगही ठीक. सिग्नलच्या वायरला मागून टाचणी लावली आणि पोराला पेडल अगदी सावकाश दाबायला सांगितले. काटा अर्ध्या व्होल्टवरून चढू लागला आणि पाव पेडलाला धपकन शून्यावर पडून पुन्हा वर आला. तीनदा केले, तीनदा तिथेच. वायर हलवून पाहिली, फरक नाही.

नवा सेन्सर थ्रॉटल बॉडीपुढे फारच स्वस्त. बॅटरीची निगेटिव्ह काढली; पण दोन स्क्रू गंजलेले. रात्रभर तेलात भिजवले, नाहीतर डोकी गेलीच असती. नवा बसवून, बंद थ्रॉटलला पुस्तिकेतला आकडा येईपर्यंत किंचित फिरवला आणि आवळला.

सकाळी कापलेली मजुरी भावाने पोराच्या हातावर ठेवली. आम्ही म्हणालो, "चूक आमची झाली, बाळ."

त्याने पैसे न मोजता खिशात टाकले आणि टेम्पो चढावाकडे वळवला.