कच्चा लिंबू

मूल दोस्ती करायला कोठे शिकते? वर्गात म्हणावे, तर तेथे आम्ही शिक्षक त्याला 'खामोश' म्हणत असतो. ते खरे शिकते मधल्या सुट्टीत आणि मोहल्ल्यातल्या गल्लीत.

पियाजे यांनी स्वित्झर्लंडमधील मुलांचा गोट्यांचा खेळ पाहिला व १९३२ साली लिहिले, की लहान मुलाला नियम म्हणजे मोठ्यांची न बदलणारी आज्ञा वाटते. १०-११ वर्षांच्या सुमारास त्याला कळते, की नियम सर्वांच्या संमतीने बदलता येतो. बी.एड.ला आम्ही हे पाठ केले. गल्लीतली मुले ते रोज करतात. पकडापकडीत एखादी आपा धाकट्या भावाला बोट धरून आणते. मुले त्याला हाकलत नाहीत. 'कच्चा लिंबू' म्हणून खेळात घेतात. तो पकडला गेला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. पलीकडच्या आळीतली, मराठी शाळेची मुले त्यालाच 'लिंबू-टिंबू' म्हणतात. शब्द निराळे, रीत एकच.

पण ही मुले एकमेकांना भेटणार कोठे? आमच्या मुलांची शाळा उर्दू, त्यांची मराठी. वस्त्या वेगळ्या होत चालल्या, मैदाने आटली. मग त्यांना एकमेकांविषयी कळते ते फक्त मोठ्यांच्या बोलण्यातून, आणि त्या बोलण्यात कच्च्या लिंबाला माफी नसते.

मराठीचे पुस्तक आम्ही वर्गात शिकवूच. परंतु दोन्ही शाळांच्या मुलांना आठवड्यातून एक तास एका मैदानावर खेळू द्यावे, एवढेच पालकांपाशी व संस्थाचालकांपाशी आमचे मागणे आहे. नियम मुले आपापसात ठरवतील.