शहाबादीवरचा गोंद

महिनाभर इथे काही लिहिलं नाही म्हणून पुण्याच्या वहिनींनी फोन करून विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" तब्येत ठणठणीत आहे. माजघरातली जमीन खरवडत होते. हसू नका, सत्तरी उलटलेल्या बाईला एवढं काम पुरतं!

या माजघराने तीन जमिनी पाहिल्या. मी लग्न होऊन राहूला आले तेव्हा शेणाने सारवलेली होती. दर आठवड्याला सारवायची आणि मग शाळा गाठायची. १९७८ साली शहाबादी फरशी आली. शहाबाद हे कर्नाटकातलं गाव, सोलापूरहून वाडीकडे जाताना लागतं. तिथला हा करडा चुनखडक. उन्हाळ्यात दुपारी त्यावर नुसतं पडलं तरी झोप लागायची. पुढे १९९४ साली थोरल्याचं लग्न निघालं आणि त्यावर प्लास्टिकच्या चौकोनी टाइल्स चिकटवल्या. पुसायला सोप्या, दिसायला झकपक. तेव्हा सगळ्यांनाच आवडल्या.

आमचं गाव राहू बेटातलं. एका बाजूला भीमा, दुसऱ्या बाजूला मुळा-मुठा आणि मधे ऊसच ऊस. जमिनीला ओल कायमची. उघड्या फरशीतून ही ओल हळूहळू उडून जाते, प्लास्टिकखाली ती कोंडून राहते. दर पावसाळ्यात टाइल्सच्या कडा वर यायला लागल्या. यंदा नातीच्या मुलीचं बोरन्हाण इथेच करायचं ठरलं. म्हणजे माझी पणती! नुकती रांगायला लागलेली, दिसेल ते तोंडात घालणारी. तिच्या आधी टाइल्स काढायच्या, असं मी सांगून टाकलं.

टाइल्स अर्ध्या दिवसात निघाल्या. खाली राहिला तो गोंद. पिवळट-तपकिरी, रबराचा. खिडकीतून ऊन यायचं तिथे पापडासारखा वाळलेला, आणि कपाटाखाली इतका ओला की चप्पल अडकून राहावी.

गवंडी आले, उकिडवे बसले, नखाने उकरून पाहिलं. "बाई, ॲसिड टाकू, नाहीतर ग्राइंडर मारू. तेही नको असलं तर यावरच नवी टाइल बसवून देतो." तिन्हीला मी नाही म्हटलं. माझं बीए मराठीचं, पण शाळेच्या प्रयोगशाळेत चुनखडीवर ॲसिडचे थेंब टाकल्यावर काय फसफसतं ते मी पुष्कळ वेळा पाहिलंय. शहाबादी म्हणजे चुनखडीच. ॲसिड रबराला फारसं काही करणार नाही, दगड मात्र खाईल. ग्राइंडरची धूळ ह्यांच्या दम्याला परवडणारी नाही. शिवाय फिरत्या चाकाखाली गोंद तापून लपलपीत होतो आणि चाकच बुजवून टाकतो. आणि गोंदावर बसवलेल्या टाइलला सिमेंट धरत नाही. वर्षा-दोन वर्षांत टकटक केलं की पोकळ वाजते.

त्याच रात्री न्यू जर्सीच्या भाच्याचा फोन आला. त्याने तर दमच भरला. "मामी, कोरडं खरवडू नकोस!" त्याच्याकडे जुन्या घरांतल्या नऊ इंची टाइल्समध्ये आणि त्यांच्याखालच्या काळ्या डांबरी गोंदात ॲस्बेस्टॉस सापडतं. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, पण फुफ्फुसात गेले की कॅन्सर होऊ शकतो आणि तोही कित्येक वर्षांनी. तिथे अशी फरशी आधी तपासून घेतात. त्यांच्या सरकारने पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर बंदी आणली ती २०२४ साली; आपल्याकडे त्याचे पत्रे अजून घराघरांवर आहेत. आमचा गोंद काळा नव्हता. तरीही मी ठरवलं, जे करायचं ते ओलं ठेवूनच. घरात दमेकरी आहे आणि रांगतं मूल येणार आहे, तिथे धूळ कशाची का असेना, नकोच.

पहिल्यांदा वाटलं, काकवी सांडल्यावर करतो तसं करावं. गुऱ्हाळांचा मुलूख आमचा, चिकटपणा काय असतो ते आम्हाला कुणी शिकवायला नको. पण गूळ पाण्यात विरघळतो, रबर विरघळत नाही. गरम पाण्याने ते नुसतं मऊ पडतं आणि निवलं की पुन्हा घट्ट धरतं. म्हणून एका वेळी एकच फरशी घ्यायची. बंबातलं कढत पाणी, त्यात थोडा धुण्याचा सोडा, त्यात बुडवलेलं गोणपाट अंथरायचं. वर प्लास्टिकचा कागद, म्हणजे वाफ जात नाही. वीस मिनिटांनी गोणपाट काढलं की लगेच खरवडायचं. हत्यार म्हणजे रंगाऱ्याची लांबी भरायची पट्टी, आडवी धरलेली. उभी धरली की दगडावर ओरखडे उठतात. गोंदाच्या वळ्या होऊन येतात, त्या जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायच्या. मोरीत टाकल्या तर मोरी तुंबलीच!

दिवसाला तीन फरश्या. पाटावर बसून, पाठ भिंतीला टेकवून. सूनबाई पाणी आणून द्यायची आणि तेवढ्यात दोन फरश्या स्वतः उरकायची.

शेवटी एक पातळ थर राहतो, तो पाण्याला दाद देत नाही. त्याला थिनरच लागतो. थिनरची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरपटत जाते आणि ठिणगी मिळाली की पेटते. आमचं स्वयंपाकघर माजघराला लागूनच आहे. म्हणून त्या दिवशी गॅस बंद, देवाजवळचा दिवा बंद, दारं-खिडक्या सताड उघड्या आणि ह्यांची रवानगी केडगावला लेकीकडे. थिनर फरशीवर ओतला नाही. फडक्यावर घेऊन थोडा थोडा पुसला. ते फडकं दिवसभर अंगणात वाळवलं. ह्यांना दोन दिवसांनी, वास पुरता गेल्यावरच परत आणलं. मग पॉलिशवाल्याला बोलावून पाणी मारत दगड फिरवून घेतला. गोंद निघालेला असल्यामुळे त्याचं काम सकाळीच आटोपलं.

बोरन्हाण झालं. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे फरशीभर उधळले आणि पणती त्यातून सरळ रांगत निघाली ती एका करड्या दगडावरच्या शंखाच्या आकाराच्या डागाकडे. तो गोंदाचा नाही, दगडातलाच आहे.

वहिनी, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, तुमच्या मोझॅकलाही ॲसिड लावू नका. त्यात संगमरवराचे तुकडे असतात, तेही चुनखडीचेच भाऊबंद. आमच्याकडे उंबऱ्याजवळ वीतभर पट्टा अजून चिकट आहे, पट्टी तिथे आडवी बसतच नाही. तिथे सध्या पायपुसणं टाकलंय.