एका भटक्या शब्दाची कैफियत

'व्हेग' हा इंग्रजी शब्द आज बहुधा निंदेच्याच सुरात उच्चारला जातो. अर्जावर मोघमपणाचा शेरा मारावा, साक्षीदाराची जबानी संशयास्पद ठरवावी किंवा कवीच्या पंक्तीस धूसरतेचा दोष लावावा, एवढ्याच कामी त्याला जुंपलेले असते. हा त्याच्यावर मोठाच अन्याय होय. १६व्या शतकात फ्रेंचमार्गे इंग्रजीच्या मुलखात दाखल झालेल्या या शब्दाचा पूर्वज जो लॅटिन 'व्हागुस', त्याचा मूळ अर्थ भटकणारा, कोठेच ठाव न धरणारा; 'व्हॅगाबाँड' आणि 'एक्स्ट्रॅव्हॅगंट' हे त्याचेच भाऊबंद. जे सतत फिरते राहते त्याची हद्द आखता येत नाही, आणि ज्याची हद्द आखता येत नाही ते अस्पष्ट भासते, असा हा अर्थाचा प्रवास. 'भ्रम्' या एकाच धातूपासून भ्रमण आणि भ्रम हे दोन्ही लाभलेल्या आपल्या भाषेस तो परका वाटू नये.

या कुळातील माझा विशेष लाडका वंशज मात्र शरीरशास्त्रात नांदतो. मेंदूच्या देठातून निघणारा दहावा मज्जातंतू मस्तकाच्या सरहद्दीत न थांबता मानेतल्या धमनीच्या सोबतीने खाली उतरतो आणि हृदय, फुप्फुसे, जठर असा थेट उदरापर्यंत संचार करतो, म्हणून त्याला 'व्हेगस' म्हणतात. त्याची डावीकडील एक शाखा तर, जायचे असते कंठातील स्वरयंत्राकडे, तरी आधी छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि मगच पुन्हा वर चढते.

ग्राट्झ येथील संशोधक ऑटो लोवी यांना या तंतूसंबंधीचा एक प्रयोग रात्री झोपेत सुचला. अर्धवट जागेपणी तो त्यांनी कागदावर खरडला खरा, पण सकाळी पाहतात तो स्वतःचेच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री तीच कल्पना पुन्हा आली, तेव्हा मात्र ते तडक प्रयोगशाळेत गेले. बेडकाच्या हृदयाचा व्हेगस उद्दीपित करताच त्याचे ठोके मंदावले. त्यातील द्रव, ज्याला हा तंतू ठेवलाच नव्हता अशा दुसऱ्या हृदयास देताच तेही मंदावले. तंतूचा निरोप एखादे द्रव्य पोहोचवते, हे १९२१ साली अशा रीतीने प्रसिद्ध झाले. ते द्रव्य कोणते, याचा उलगडा तेव्हा झालेला नसल्याने लोवींनी त्यास 'व्हागुसद्रव्य' एवढेच मोघम नाव दिले, आणि त्याच नावाखाली त्याचा शोध चालू राहून पुढे ते अ‍ॅसिटिलकोलीन असल्याचे सिद्ध झाले.