छताला भोकं पाडण्याआधी

चंडिकेच्या डोंगराखालचं आमचं जूचंद्र म्हणजे रांगोळीचं गाव. रंगांना इथे पारखी नजर आहे आणि त्या नजरेला उजेडही तसाच लागतो. हाताची सावली पडली की छटा फसते. म्हणून मुली रांगोळीचा सराव करतात त्या वरच्या खोलीत, छतात दडणारे एलईडी दिवे बसवायचा विचार होता.

पण वर थेट गच्चीचा स्लॅब. तो दिवसभर तापतो नि रात्री उशिरापर्यंत धग सोडतो. त्यासाठीच त्याखाली ग्लासवूल आणि जिप्समचं फॉल्स सीलिंग केलेलं. आज वायरमनने पेन्सिलने गोल आखले आणि थांबला. म्हणाला, "काका, जिथे भोक, तिथून धग खाली येणार. आणि दिव्यावर ग्लासवूल पसरलं, तर दिव्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज पुरवणारं सर्किट, तापून लवकर जाणार."

मला ते मनापासून पटलं. एलईडी हॅलोजनपेक्षा कमी तापतो, पण त्याची उष्णता पाठीमागून बाहेर पडते. तिथे हवा खेळलीच पाहिजे. शिवाय पावसाळ्यातली खाडीकडची दमट हवा भोकांभोवतीच्या फटींतून वर शिरते आणि ग्लासवूल ओल धरतं. दिव्यांना जागा करायला वरचा स्लॅब फोडणं तर नकोच. सळई उघडी पडली की गंज आणि गळती आलीच. शेवटी सीलिंगच्या खालून बसणारे चपटे दिवे ठरवले. उजेड तोच, आणि छत अखंड.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनो, दिवा निवडण्याआधी त्याच्यामागे काय आहे ते बघा.