ओळंबा

'उंचीची भीती' असे आपण म्हणतो, परंतु हा शब्दप्रयोग नीट तपासला तर थोडा फसवा वाटतो. उंचीला सहसा कोणी भीत नाही. पायथ्याशी उभे राहून शिखराकडे पाहताना छाती दडपते ती आदराने, आणि चांदण्या रात्री अंगणात पाठ टेकून आकाश न्याहाळताना तर मन सैल होत जाते. भय वाटते ते खोलीचे. मात्र आपल्याच भाषेत याहून नेमका एक प्रयोग आहे. उंचावरून खाली पाहिले की माणसाचे 'डोळे फिरतात'. काळीज नव्हे, पाय नव्हेत, डोळे. ज्याने हा प्रयोग प्रथम केला, त्याला या भयाचे मूळ ठिकाण अनुभवानेच ठाऊक असले पाहिजे.

मला ते कळत्या वयापासून ठाऊक आहे. कठडा नसलेली विहीर, गच्चीचा काठ, लाकडी पुलाच्या फळ्यांमधल्या फटी, यांपैकी काहीही पुढे आले की तळहात ओले होतात आणि गुडघ्यांतले बळ कोणीतरी काढून घेते. पाय घसरेल ही शंका त्या घटकेला मनात नसतेच. जे असते ते सांगायला अवघड आहे. खोली आपल्याला बोलावते आहे आणि आपण तिचे ऐकू, असे काहीतरी वाटत राहते. भय दरीचे कमी आणि स्वतःचे अधिक असते.

माझे वडील गवंडी होते. त्यांचा उभा जन्म परांचीवर गेला. बांबू, काथ्याची दोरी आणि दोन फळ्या, एवढ्या सामग्रीवर ते तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या उंचीवर दिवसभर उभे राहत. दुपारी मी भाकरी घेऊन जाई आणि खालूनच हाक मारी. वर जाणे मला शक्य नव्हते, हे त्यांनी एकदाच पाहिले आणि पुन्हा कधी बोलावले नाही. कामावरच्या इतर कोणाला हसूही दिले नाही. ते स्वतः उतरून येत, वाळूच्या ढिगाशेजारी बसून जेवत आणि पुन्हा वर जात. त्यांना भीती वाटत नाही का, असे मी एकदा विचारले. हातावरचा वाळलेला चुना खरवडत ते म्हणाले, "वाटते की. पण नजर हातातल्या विटेवर ठेवायची. खाली जायचं काम ओळंब्याचं, आपलं नाही."

भिंत सरळ उभी राहते आहे की नाही, हे दोरीला बांधलेले ते लहानसे वजन खाली सोडल्याखेरीज कळत नाही. उंचावर काम करणाऱ्याला खोलीची खबर लागतेच. परंतु ती आणायला त्याने ओळंबा धाडायचा आणि आपण विटेपाशी थांबायचे. हा त्या वाक्याचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी लागला, आणि तो लावण्यास एका शास्त्रीय शोधाची मदत झाली.

आपण निश्चल उभे आहोत असे समजतो तेव्हाही शरीर किंचित डोलत असते. हा झोल पावलांना आणि कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला कळतो. डोळ्यांना तो कळतो जवळच्या वस्तू सरकलेल्या दिसतात म्हणून. सर्वांत जवळची वस्तूच फार दूर असली, तर तिचे सरकणे नजरेला जाणवत नाही. पाय सांगतात, आपण हललो. डोळे सांगतात, काहीच हलले नाही. या विसंवादात शरीर अधिकच झुलू लागते आणि भोवळ येते. थॉमस ब्रांट या जर्मन मज्जाविकारतज्ज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९८० साली ही मीमांसा मांडली. तिच्यातून निघणारा उपायही साधा आहे : नजरेच्या टप्प्यात जवळची स्थिर वस्तू असू द्यावी, टेकावे, बसावे किंवा आडवे व्हावे. माझ्या वडिलांची वीट ही ती वस्तू होती.

१९९१ साली वडील गेले. चाळीस वर्षे त्यांनी जे वरून पाहिले ते मी कधीच पाहिले नव्हते. भीती जिंकावी असा आवेश नव्हता. त्यांच्या नजरेच्या जागी एकदा उभे राहावे, एवढीच ओढ होती. १९९३ च्या डिसेंबरात काही स्नेह्यांबरोबर मी पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर गेले. गडाच्या पश्चिमेला कोकणकडा आहे. नालासारखा वळलेला, मध्ये पोटाशी आत गेलेला तो प्रचंड पाषाण, आणि खाली एकदम कोकण. काठापासून दहा-बारा पावलांवर माझे पाय थांबले. वाटाड्या म्हणाला, "ताई, इथून पुढं पोटावर." त्या कड्यावर धीट माणसेही पालथी पडूनच खाली पाहतात, हे कळल्यावर मला विलक्षण हलके वाटले.

मी सरपटत गेले. हनुवटी दगडाला टेकली. प्रथम पाहिली ती हाताशेजारची भेग, तिच्यातले वाळके गवत, त्यावरून चाललेली एक मुंगी. मग नजर हळूहळू खाली सोडली, दोरी सोडावी तशी. कारवीची रांग, काळा कातळ, एक घार, आणि ती घार माझ्या खाली! त्याहीखाली धुक्यात विरलेली शेते. छाती दगडावर धडधडत होती, तळहात ओलेच होते. तेवढ्यात नजर पुन्हा गवतापाशी ओढून घेतली आणि पुन्हा सोडली. असे किती वेळ चालले ते आठवत नाही.

रांगत्या बाळांवरचा एक प्रयोग पुढे वाचनात आला. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्षाच्या बाळांपुढे काचेखाली एक लहानशी पायरीएवढी खोली दाखवली होती आणि पलीकडे आई उभी होती. बाळ काठाशी थबके आणि आईच्या चेहऱ्याकडे पाही. आईचा चेहरा प्रसन्न असलेल्या एकोणीस बाळांपैकी चौदा काच ओलांडून गेली. आईने भेदरलेला चेहरा केला तेव्हा सतरांपैकी एकही गेले नाही. खोली तेवढीच होती.

आज मी सातव्या मजल्यावर राहते. भय गेलेले नाही, आणि ते जावे असा हट्टही आता उरलेला नाही. सकाळी गॅलरीत आले की आधी तुळशीच्या कुंडीकडे पाहते, तिच्या मातीत बोट घालून ओल तपासते. मग समोरच्या नव्या इमारतीच्या परांचीवर चढलेली माणसे पाहते. त्यांच्यातला कोणी खाली पाहत नाही. भिंतीच्या कडेने दोरी तेवढी खाली आलेली असते, आणि तिच्या टोकाशी ओळंबा हळूहळू स्थिर होत असतो.