आधी घराकडची भिंत

प्रिय मुक्ता,

निखिलने पाठवलेले गराजचे फोटो पाहिले. बाहेरच्या दोन्ही भिंतींत भरायला फायबरग्लासचे गठ्ठेही येऊन पडलेत! त्यांना जरा थांबू दे.

इन्सुलेशन ऊब तयार करत नाही, असलेली धरून ठेवतं. रिकाम्या अंथरुणावर गोधडी पसरली म्हणून अंथरूण तापतं का? तुमच्या गराजला हीटर नाही, लावायचाही नाही. मग मिनेसोटाच्या जानेवारीत तिथे जी थोडीफार ऊब असेल, ती तुमच्या स्वयंपाकघरातून झिरपलेली, म्हणजे तुमच्याच गॅसच्या बिलातली. म्हणून पहिला पैसा घर आणि गराज यांच्या सामाईक भिंतीवर घाला. घर जुनं असल्याने तीही उघडीच आहे, हे एका परीने बरंच झालं. बाहेरच्या भिंती पुढच्या वर्षी केल्यात तरी काही बिघडत नाही. समोर पत्र्याचा एवढा मोठा दरवाजा असताना त्या बिचाऱ्या काय करणार?

भरण्याआधी भोकं बुजवा. वायरी, पाइप, पायावरची लाकडी कड, जिथून हवा शिरते ते सगळं. फायबरग्लास थंडी अडवतं, हवा नाही; आणि गाडी सुरू केली की त्याच फटींतून कार्बन मोनॉक्साइड घरात येतो. त्याला ना वास ना रंग. झोपायच्या खोलीपासून 10 फुटांच्या आत त्याचा अलार्म हवा, असा आपल्या राज्यात कायदाच आहे; तुमचा चालू आहे ना, ते आजच बघ.

मग 2 बाय 4 च्या स्टडमध्ये आर-13 किंवा आर-15 दर्जाचं फायबरग्लास. कागदाची बाजू घराकडे, कारण हिवाळ्यात ऊबदार बाजू ती. कोंबून भरू नका. खरं काम धाग्यांत अडकलेली हवा करते.

आता ड्रायवॉल. निखिल म्हणतो, "गराजच आहे, दिसायला काय करायचंय?" अरे, ती दिसण्यासाठी नसतेच. ड्रायवॉलची पाटी जिप्समची असते, आणि जिप्समच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा पाणी असतं, स्फटिकात बांधलेलं. आग लागली की आधी त्या पाण्याची वाफ व्हावी लागते, आणि ती होईपर्यंत पाटीची मागची बाजू 100 अंशांच्या फारशी वर जात नाही. गराजमध्ये पेट्रोल, रंगाचे डबे, गाडी; पलीकडे तुम्ही झोपलेले. म्हणून नियम असा की गराजच्या बाजूने किमान अर्धा इंच जाडीची ड्रायवॉल हवी. (वर खोली असती तर छताला 5/8 इंचाची टाइप एक्स लागली असती, तुमच्याकडे ती कटकट नाही.) माळ्यावरून आग घरात शिरू नये म्हणून भिंत थेट छपराला भिडवा, नाहीतर गराजचं छतही झाका. घरात उघडणारं दार पोलादी किंवा भरीव लाकडाचं हवं.

पाटी जमिनीपासून अर्धा इंच वर ठेवा. गाडीखाली वितळलेला बर्फ आणि मीठ साचतं, ते पाणी कागद शोषतो आणि बुरशी धरते.

सांधे भरायचं कंपाउंड 10 अंश सेल्सियसखाली नीट वाळत नाही, तेव्हा ऑक्टोबर उजाडायच्या आत उरका. स्क्रूगन माझ्याकडे आहे. परमिट हातात आलं की फोन कर, घेऊन येतो.

तुझा,
मामा